उद्या म्हणजे नक्की कधी?



गेल्या महिन्यात एक तरुण बाप्तिस्म्याचा दाखला मागायला कार्यालयात आला. वय पंचवीस. नोकरी आहे, पगार बेताचा आहे, घरी आई आणि धाकटी बहीण. "काय रे, लग्न ठरलं की काय?" असे आम्ही थट्टेने विचारले. तो म्हणाला, "लग्न कसलं फादर! बाहेर जायचा विचार आहे, म्हणून सगळे कागद गोळा करून ठेवतोय. पण तसा उशीरच झालाय. माझ्याबरोबरची पोरं तीन वर्षांपूर्वीच गेली. आता माझं काय व्हायचं ते होऊन गेलं."

पंचविसाव्या वर्षी 'होऊन गेलं'! साठी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द आम्ही ऐकतो. पण हा तर ज्याची मिशी आत्ता कुठे नीट आली आहे असा मुलगा. आम्ही त्याला बसवून घेतले, चहा मागवला. सोळा वर्षांपूर्वी आम्ही याच धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो, तेव्हा तो नऊ वर्षांचा वेदीसेवक होता. जुन्या गोष्टी निघाल्या आणि बोलता बोलता तो हसून म्हणाला, "फादर, तुम्हाला आठवतं? तुम्ही आम्हा पोरांना म्हणाला होता, पुढच्या रविवारी कर्नाळ्याला नेईन, पक्षी दाखवीन."

आम्हाला आठवत नव्हते.

"मी तीन रविवार मिस्सेला बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन येत होतो. चौथ्या रविवारी आईच म्हणाली, राहू दे बाटली."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हाला सोपे गेले असते. क्षमा मागून मोकळे झालो असतो. तो सहज म्हणाला, "तेव्हापासून कोणी 'पुढच्या रविवारी' म्हटलं की मी मनात धरूनच चालतो, नाही म्हणून."

आता एका न झालेल्या सहलीने कोणाचे आयुष्य बिघडत नाही, हे आम्हालाही कळते. त्याच सुमारास त्याच्या वडिलांचा कारखाना बंद पडला होता. घरात 'पुढच्या वर्षी सायकल', 'पुढच्या वर्षी क्लास', 'पुढच्या वर्षी गावी जाऊ' असे चालले होते, आणि ते पुढचे वर्ष काही आले नाही. मग वडीलही गेले. आमचा रविवार हा त्या रांगेतला एक लहानसा रविवार. पण तो मुलगा गेल्यावर एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. लहानपणी ऐकलेला 'उद्या' माणसाच्या आत किती वर्षे राहतो? मोठेपणी तो काळाकडे कसा पाहतो, हे त्या 'उद्या'वर ठरते काय? आणि ठरत असेल, तर ते बदलता येते काय? त्या तरुणाच्या परवानगीने, त्याचे नाव न सांगता, हा विचार आपल्यासमोर ठेवीत आहोत.

संत थॉमस यांचे गणित

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्विनास यांचा एक प्रश्न वाचून आम्ही सगळे विद्यार्थी हसलो होतो. तेराव्या शतकातील हे थोर आचार्य आपल्या मोठ्या ग्रंथात अगदी गंभीरपणे विचारतात की, तारुण्य आणि दारूचा अंमल ही आशेची कारणे आहेत काय? आणि उत्तर देतात की, होय, दोन्ही आहेत! प्यालेल्या माणसाला अडचणी दिसत नाहीत, म्हणून त्याला सारे शक्य वाटते. तरुणांचे कारण मात्र वेगळे आणि विचार करण्याजोगे आहे. आठवण भूतकाळाची असते, आशा भविष्यकाळाची. तरुणाजवळ भूतकाळ थोडा आणि भविष्यकाळ पुष्कळ. म्हणून त्याच्याजवळ आठवणी कमी आणि आशा जास्त. अडथळे अजून भेटलेले नसतात, त्यामुळे जमेल असे त्याला वाटते. थॉमस यांच्याही आधी ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याने हेच म्हटले होते.

गणित अगदी सरळ आहे. मग आमच्या समोर बसलेल्या मुलाच्या बाबतीत ते का चुकले? घड्याळाने मोजले तर त्याच्यापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षे आहेत. पण त्याच्या मनात ती नाहीत. आणि तो एकटा नाही. आपल्या युवक मंडळात, लग्नपूर्व शिबिरात, पापनिवेदनाच्या वेळी आम्ही हे वारंवार ऐकतो: "वेळ निघून गेली", "वय झालं", "आता काय करायचंय". वीस ते तीस या वयातली मुले असे बोलतात. त्यांच्या घरची आजी मात्र ऐंशीव्या वर्षी अंगणात आंब्याचे कलम लावते.

म्हणजे पुढे किती वर्षे उरली आहेत, याच्यावर आशा अवलंबून नाही. ती दुसऱ्याच कशावर तरी अवलंबून आहे.

काळ कुठे राहतो?

या ठिकाणी संत ऑगस्टीन आपल्या मदतीला येतात. इसवी सन ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या अकराव्या भागात त्यांनी काळ म्हणजे काय हा प्रश्न घेतला. भूतकाळ तर गेला, तो आता नाही. भविष्यकाळ अजून आलेला नाही, तोही नाही. वर्तमान तर पकडू जाता निसटतो. मग आपण काळ मोजतो तो कुठे? ऑगस्टीन यांचे उत्तर असे की, आपण तो मनात मोजतो. मनात गेलेल्याची आठवण असते, समोरच्याचे भान असते आणि येणाऱ्याची अपेक्षा असते. ते एक साधे उदाहरण देतात. तोंडपाठ असलेले स्तोत्र म्हणायला सुरुवात करण्यापूर्वी ते सगळे आपल्या अपेक्षेत असते. म्हणत जाऊ तसतसा त्याचा एकेक भाग अपेक्षेतून आठवणीत जातो. आपण रोझरी म्हणतो तेव्हा हेच घडते: बोटांखालून मणी सरकतो, उरलेले मणी पुढे आहेत हे मनाला ठाऊक असते.

याचा अर्थ नीट पाहा. भविष्यकाळ म्हणजे पुढे कुठेतरी तयार असलेली आणि आपण चालत जाऊन गाठायची एखादी जागा नव्हे. आजच्या मनातली अपेक्षा हाच आपल्यापाशी असलेला भविष्यकाळ. आणि अपेक्षा करायला मन कोठून शिकते? आठवणीतून. स्तोत्र आधी पाठ असेल तरच पुढची ओळ काय येणार ते कळते. लहानपणी ज्याच्या मनात 'उद्या म्हटले की उद्या येते' हे पाठ झाले, त्याच्यापुढे भविष्यकाळ मोठा असतो. ज्याला 'उद्या म्हटले की काही येत नाही' हे पाठ झाले, त्याचा भविष्यकाळ पंचविसाव्या वर्षीच संपत येतो.

लहान मुलाचे कॅलेंडर

लहान मुलाला काळ कळत नाही, असे आपण म्हणतो. तो त्याच्या पद्धतीने कळतो. आपली मराठी भाषाही त्याला थोडी गोंधळात टाकते. 'परवा' हा शब्द मागचाही आणि पुढचाही. चार वर्षांचे मूल 'काल मी बाळ होतो' म्हणते, कारण त्याच्या दृष्टीने गेलेले सगळे 'काल'च. त्याला तारीख कळत नाही, पण माणूस कळतो. आई 'आलेच हं' म्हणून गेली आणि परत आली, की 'नंतर' म्हणजे काय ते त्याला समजते. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात माणसाच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यातला पहिला टप्पा विश्वासाचा आहे. पुढे त्याने म्हटले की, या पहिल्याच टप्प्यावर माणसात जे पहिले बळ तयार होते ते आशेचे. अक्षर ओळखण्याच्या कितीतरी आधी मूल आशा शिकते किंवा शिकत नाही.

लहानपणच्या विचारांच्या तीन सवयी तारुण्यात आपल्याबरोबर येतात, असे आम्हाला दिसते.

पहिली सवय तुलनेची. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांच्या काळविषयक कल्पनांचा अभ्यास करून १९४६ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना आढळले की, लहान मुले काळ आणि अंतर यांची गल्लत करतात. दोन खेळणी एकाच वेळी निघून एकाच वेळी थांबली, पण त्यातले एक अधिक लांब गेले, तर मूल म्हणते की त्याला जास्त वेळ लागला. जे झाड उंच ते वयाने मोठे, असेही ते म्हणते. सात-आठ वर्षांनंतर ही चूक सुटते, असे आपण समजतो. पण खरोखर सुटते का? आमचा तरुण म्हणाला, "ती पोरं पुढे गेली." कॅनडाला गेलेला मित्र अंतराने पुढे गेला, याने ते काळाने पुढे गेला असे ऐकले आणि आपला काळ संपला असे ठरवले. आणि ही चूक त्याला शिकवली कोणी? "शेजारचा बघ कुठे पोहोचला" असे घरोघरी रोज म्हणणाऱ्या आपण मोठ्यांनीच.

दुसरी सवय 'मग' या शब्दाची. आधी दहावी होऊ दे, मग खेळ. आधी बारावी, मग चित्रकला. आधी डिग्री, मग मित्र. आधी नोकरी, मग देवळातले काम. काही बाबतीत हे आवश्यकच असते. अभ्यास केला पाहिजे. पण पंधरा वर्षे सतत हेच ऐकले की मुलाच्या मनात एक समजूत पक्की होते: जगणे अजून सुरू व्हायचे आहे, आजचा दिवस म्हणजे नुसती रांग. आणि रांगेत उभे राहून पंचविशी आली की तो दचकतो. सुरू व्हायचे ते सुरू झालेच नाही, आणि वेळ तर गेली! 'अजून वेळ आहे' आणि 'वेळ निघून गेली' या दोन वाक्यांच्या मध्ये 'आत्ता' कधी आलाच नाही.

तिसरी सवय न पाळलेल्या शब्दाची. तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

पंधरा मिनिटांची परीक्षा

एक प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हे प्रयोग केले. लहान मुलासमोर एक मऊ गोड मिठाई ठेवायची आणि सांगायचे की, मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील. काही मुले थांबली, काहींनी लगेच खाल्ली. पुढे असे सांगितले जाऊ लागले की, थांबणारी मुले मोठेपणी अधिक यशस्वी झाली. आम्हीही ही गोष्ट प्रवचनात सांगितली आहे आणि "मुलांनो, संयम शिका" असे तात्पर्य काढले आहे. आता कबूल करतो की आम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. २०१८ साली कितीतरी अधिक मुलांची माहिती घेऊन पुन्हा अभ्यास झाला. घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर तो संबंध पुष्कळच कमी झाला.

उरलेली अर्धी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. २०१३ साली रोचेस्टर विद्यापीठातील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन ते पाच वर्षांची २८ मुले घेतली. मिठाई समोर ठेवण्यापूर्वी मुलांना चित्र काढायला दिले आणि सांगितले की, थोडे थांबलात तर याहून चांगले रंग आणून देतो. निम्म्या मुलांना ते रंग खरोखर आणून दिले. उरलेल्यांना "माफ कर, रंग नाहीत" असे सांगितले. त्यानंतर मिठाईची परीक्षा घेतली. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली मुले फक्त तीन मिनिटे. पहिल्या गटातल्या चौदांपैकी नऊ जणांनी पूर्ण पंधरा मिनिटे धीर धरला. दुसऱ्या गटात असे एकच मूल निघाले.

त्या मुलांचा स्वभाव एका तासात बदलला नव्हता. बदलला तो त्यांचा अंदाज. ज्याने रंग आणले नाहीत तो मिठाई तरी कशावरून आणेल? तीन मिनिटांत मिठाई खाणारे मूल अधीर नव्हते. त्याने हिशेब बरोबर केला होता. म्हणून एखादा तरुण महिन्याचा पगार पंधरा दिवसांत उडवतो, शिक्षण अर्धवट सोडतो, नाते टिकवत नाही, तेव्हा "आजकालच्या पोरांना धीर नाही" असे म्हणण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. त्याच्या लहानपणी रंग आणून देतो म्हणून गेलेले कितीजण परत आले?

आपल्या पनवेलचा उद्या

ही गोष्ट एका घराची असते तशी एका मुलखाचीही असते, आणि आपण पनवेलकरांना ती चांगली माहीत आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. भाताची शेते, खाजणे, मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती १९९० च्या दशकात. जमीन गेली तेव्हा जे मूल पाळण्यात होते, ते तोवर वीस वर्षांचे झाले होते. त्याने आपले सगळे बालपण 'मिळणार आहे' हे ऐकत काढले.

मग विमानतळ आला. २००७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ रोजी झाले. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी पहिली प्रवासी विमाने उडाली. आपण मिस्सा आटोपून केक वाटत होतो त्या दिवशी. मान्यता मिळाली त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर अठरा वर्षांचे होऊन मतदार झाले होते. ती अठरा वर्षे घरोघरी काय बोलले गेले? विमानतळ झाला की नोकऱ्या, विमानतळ झाला की भाव, विमानतळ झाला की बघू. दहा गावांनी तर त्यासाठी आपली घरे, देवळे, अंगणे सोडली.

विकासाला आमचा विरोध नाही. अनेक कुटुंबांचे त्यातून भले झाले आहे. आमचे म्हणणे एवढेच की, भविष्यकाळ म्हणजे बाहेरून कोणीतरी आणून द्यायची गोष्ट, असे या मुलखातील मुले शिकत गेली. तो आणणाऱ्याने उशीर केला तर आपण हात जोडून बसायचे, नाहीतर हात झटकून निघून जायचे.

पण याच मुलखातील त्यांच्या आजी-आजोबांचे थांबणे निराळे होते. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाची वाट पाहायची, पेरायचे, रोपे वर आली की गुडघाभर चिखलात लावणी करायची. पाऊस त्यांच्या हातात नव्हता, राब होता. संत याकोबानेही आपल्या पत्रात धीराचे उदाहरण म्हणून शेतकरीच निवडला. शेतकरी वाट पाहतो तेव्हा तो रिकामा नसतो. 'उद्या' येण्याआधी त्याने आज त्याच्यासाठी काहीतरी करून ठेवलेले असते.

आशा भूतकाळात गेली तर

अपेक्षा आणि आशा या दोन शब्दांतला फरक येथे लक्षात येतो. अपेक्षेला तारीख असते. तारीख टळली की ती मरते. आशेला माणूस असतो. फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गॅब्रिएल मार्सेल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, देश शत्रूच्या ताब्यात असताना, आशेवर चिंतन केले. अमुक दिवशी सुटका होईलच असे धरून बसणारा तो दिवस टळला की कोसळतो. खरी आशा अशा अटी घालत नाही, असे त्यांनी दाखवले. अमुक एक गोष्ट मिळेल, एवढ्यावर ती टेकलेली नसते. ती कोणावर तरी आणि आपल्या सर्वांसाठी ठेवलेली असते.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य आठवा. येशूच्या मरणानंतर ते यरुशलेम सोडून निघाले आहेत. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाशी ते आशेविषयी बोलतात, पण भूतकाळात: आशा होती, असे. आमच्या तरुणासारखेच; होऊन गेले. आणि प्रभू काय करतो? तो त्यांना नवे आश्वासन देत नाही. आधी त्यांच्याबरोबर चालतो. मग मोशेपासून सुरुवात करून, त्यांनी लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी त्यांना पुन्हा वाचून दाखवतो. गोष्टी त्याच होत्या, वाचणे नवे होते. आठवण दुरुस्त झाली आणि अपेक्षा जागी झाली. रात्र झाली असताना ते दोघे उठून परत यरुशलेमला गेले. ते अंतर अकरा किलोमीटरच्या आसपास भरते. आपल्या पनवेलहून कर्नाळा साधारण तेवढेच.

संत ऑगस्टीन यांच्या आयुष्यातही हेच आहे. लहानपणी ते फार आजारी पडले आणि त्यांनी बाप्तिस्मा मागितला. आई मोनिका तयारीला लागली. पण मुलगा बरा झाला आणि बाप्तिस्मा पुढे ढकलला गेला. तेच मूल मोठे झाल्यावर देवाला स्वतः 'थोडे थांब' म्हणत वर्षानुवर्षे टाळत राहिले. बाप्तिस्मा झाला तो इसवी सन ३८७ च्या पास्कासणाला, मिलान शहरात, बत्तिसाव्या वर्षी. पुढे चाळिशीत त्यांनी आपले सगळे बालपण देवासमोर पुन्हा वाचून काढले. काळाविषयीचा तो विचार त्याच पुस्तकात आहे, हा योगायोग आम्हाला वाटत नाही. म्हणून तरुण मित्रांनो, लहानपणी जे मनात पाठ झाले ते दगडावरची रेघ नव्हे. ते पुन्हा वाचता येते.

काय करावे?

आईवडिलांना आमची विनंती आहे की, 'उद्या' हा शब्द जपून वापरा. सायकल घेणे जमणार नसेल तर "नाही बाळ, आत्ता पैसे नाहीत" असे सांगा. मूल रडेल, पण त्याचा काळावरचा विश्वास मोडणार नाही. खरे 'नाही' हे खोट्या 'उद्या'पेक्षा मायेचे असते. जे जमेल ते लहान असू दे, पण त्याला वार द्या आणि तो वार पाळा. शनिवारी संध्याकाळी वडाळे तलावावर नेईन म्हटले तर न्या. आणि परिस्थितीने शब्द मोडावा लागला तर मुलाला तसे सांगा. न सांगता विसरणे, हे मोडण्याहून वाईट.

तरुणांना दोन गोष्टी सांगतो. एक, कधीतरी निवांत बसून आठवा की आपल्या आयुष्यात कोणी कोणता शब्द पाळला. न पाळलेले आपोआप आठवतात. पाळलेले शोधावे लागतात. रोज पहाटे उठून डबा देणारी आई हा एक पाळलेला शब्द आहे, तिने तो कधी उच्चारला नसला तरी. दुसरी गोष्ट, तुम्ही स्वतः कोणाला तरी एक लहान शब्द द्या आणि पाळा. गुरुवारी आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईन. दर रविवारी धर्मशिक्षण वर्गातल्या एका मुलाला गणित शिकवीन. ज्याने गुरुवारचा शब्द दिला आहे, त्याला निदान गुरुवारपर्यंतचा भविष्यकाळ आहे. तो कॅनडाने दिलेला नाही आणि सिडकोनेही नाही. त्याने स्वतः केलेला आहे.

हॅना आरेंट या तत्त्वचिंतक बाईंनी आपला डॉक्टरेटचा प्रबंध संत ऑगस्टीन यांच्यावर लिहिला होता. पुढे १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी म्हटले की, झालेले बदलता येत नाही यावर माणसाजवळ क्षमा हा उपाय आहे, आणि पुढचे कळत नाही यावर शब्द देणे व पाळणे हा. त्या ज्यू होत्या, पण आपण पापनिवेदनाला जातो तेव्हा याच दोन गोष्टी करतो: मागच्यासाठी क्षमा मागतो, पुढच्यासाठी निश्चय करतो. काळाच्या दोन्ही टोकांना माणूस एकटा पुरा पडत नाही, दुसरा कोणीतरी लागतो.

हे सगळे आपल्याला सांगायचे तर आधी आम्ही करायला हवे होते. त्या तरुणाला आम्ही फोन केला, क्षमा मागितली आणि म्हणालो, "शनिवारी सकाळी सात वाजता. येतोस?" तो क्षणभर गप्प झाला. मग "बघतो फादर" म्हणाला. त्याचे 'बघतो' आम्हाला समजले.

शनिवारी पावणेसातला आम्ही चर्चच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो. तो सातला पाच कमी असताना आला. हातात पाण्याची बाटली होती. कर्नाळ्याच्या वाटेवर त्याला एक दयाळ दिसला, तो आम्हाला आधी दिसलाच नाही. त्यानेच बोट करून दाखवला. सोळा वर्षांपूर्वी गेलो असतो तर ती सहल वेगळी झाली असती. ती आता परत मिळणार नाही. परदेशी जायचे की नाही, हेही त्याचे अजून ठरलेले नाही. पण उतरताना त्याने विचारले, "आत्ताच्या वेदीसेवकांना कधी आणायचं? मी येईन बरोबर."

त्या सहलीची तारीख सूचनाफलकावर लावली आहे. पालकांनी पाहून घ्यावी. काही कारणाने ती बदलावी लागली, तर आम्ही स्वतः वेदीवरून मुलांना तसे सांगू.

प्रभू आपणा सर्वांना दिलेला शब्द पाळण्याचे बळ देवो.

आपले नम्र,
धर्मगुरू